सुराची भिक्षा

हेनिंगने तंबूचं कापड बाजूला सारलं, गिटार पोटाशी धरून आत वाकला आणि नेहमीसारखा हात पसरून म्हणाला,

"सुराची भिक्षा वाढ, म्हातारे."

"आलास का टिनपाट," गुडरून मान वर न करता म्हणाली. "मला वाटलं, आज भिक्षेची गरज नाही तुला."

हेनिंग जागीच थबकला. मग लक्षात आलं की हे ती दरवेळीच म्हणते. लाकडी पेटीवर बसून ती बॅगपाइपच्या नळीच्या गळ्याभोवती मेण लावलेला दोरा गुंडाळत होती. जुलैची दुपार कलली होती तरी किल्ल्याचे दगड अजून तापलेले होते आणि तंबूत कातड्याचा, मेणाचा आणि बाहेरून येणाऱ्या भाजलेल्या सॉसेजचा वास कोंडला होता. पटांगणात मध्ययुगाचं सोंग घेतलेली जत्रा भरली होती. तागाचे अंगरखे घातलेले लोक कमरेला शिंगाचे पेले लटकवून मधाची दारू शोधत हिंडत होते. त्यातले अर्धे उद्या सकाळी बँकेत नाहीतर दवाखान्यात कामावर हजर होणार होते, पण आज त्यांना तसं कुणी म्हटलेलं आवडलं नसतं.

ही भीक आणि ही शिवी पंचवीस वर्षं जुनी होती. एरफुर्टच्या बाजारात गुडरून एकटी बॅगपाइप वाजवायची आणि टोपी फिरवायची, तेव्हा विशीतला हेनिंग इलेक्ट्रिक गिटार घेऊन आगाऊपणे तिच्या शेजारी उभा राहिला होता. त्याची गिटार तिच्या सुराशी जुळेना. त्याने तिला सूर बदल म्हणून सांगितलं आणि ती चारचौघांत खो खो हसली होती. बॅगपाइपला खुंट्या नसतात. आतली बोरूची पत्ती उन्हात चढते, धुक्यात उतरते, आणि वाजवणाऱ्याने तिची मर्जी सांभाळायची असते. "तुला खुंट्या आहेत ना? मग तू वाक," असं तिने सांगितलं आणि तो वाकला. त्यातून 'आशेनक्रुग' हा त्यांचा बँड उभा राहिला. ढोलांचा गडगडाट, गिटारींचा कर्कश लोखंडी आवाज, आणि त्या सगळ्यावर स्वार झालेला गुडरूनचा जुना बाजारी बॅगपाइप. माणसं आली, गेली, पण कार्यक्रमाआधी हेनिंगने तिच्या तंबूत जाऊन त्या दिवसाचा सूर मागून आणायचा आणि मग बाकीच्या सगळ्या गिटारी त्या सुराला लावायच्या, हा नेम कधी मोडला नाही. सूर दाखवणारी यंत्रं सगळ्यांच्या खिशात असत. पण आज हवा कशी आहे ते यंत्राला कुठे कळतं, असं गुडरून म्हणायची.

आज मात्र हेनिंग सूर घ्यायला आला नव्हता. घेतल्याचं सोंग करायला आला होता. गिटारी दुपारीच लावून झाल्या होत्या.

हिवाळ्यात गुडरूनला न्यूमोनिया झाला. वसंतात ती उभी राहिली, पण दोन कार्यक्रमांत विलापाच्या लांबलचक, एकटीनेच वाजवायच्या सुरावटीत तिचा दम कमी पडला. पिशवी बगलेत सैल पडली आणि सूर लोंबला. लोकांनी तरीही टाळ्या वाजवल्या. आन्सगारने मात्र वाजवल्या नाहीत. बँडचे करार, गाड्या, तिकिटं सगळं तोच बघायचा. आजचा कार्यक्रम पंचवीस वर्षांचा म्हणून चित्रित होणार होता, आणि त्याने ध्वनिमुद्रक योस्टला सांगून दोन वर्षांपूर्वीच्या मुद्रणातून गुडरूनचं वादन वेगळं काढून घेतलं होतं. लोकांना ते ऐकू जाणार होतं. गुडरूनच्या नळीला लावलेला माइक बंद राहणार होता.

"चोरी कुठे आहे यात?" आन्सगार म्हणाला होता. "तिचंच आहे ना? तिचंच वाजवलेलं तिच्याच नावावर जाणार."

"मग तिला सांग की."

"तू सांग. माझं ऐकून ती मला किल्ल्यावरून खाली ढकलेल. तुझं ऐकते."

म्हणून काल संध्याकाळी हेनिंग वाइनची बाटली घेऊन तिच्या गाडीपाशी गेला. दोघांनी पायरीवर बसून बाटली अर्ध्याच्या खाली आणली. तो तिच्या गुडघेदुखीबद्दल बोलला, नव्या ढोलवाल्याच्या बायकोबद्दल बोलला, नाही नाही त्या विषयांवर बोलला. मध्येच तिने विचारलं, "हेच सांगायला आलास?" तो म्हणाला, "असाच आलो, बसायला." तिने पुढे काही विचारलं नाही. बाटलीचं बूच तिने एप्रनच्या खिशात टाकलं. तिच्याच्याने कुठलीही वस्तू फेकवत नसे. कधी ना कधी कामी येते, म्हणायची.

आता तिने दोरा दाताने तोडला, नळी जागेवर बसवली आणि पिशवी बगलेत घेतली. हेनिंगने डब्याएवढा छोटा अॅम्प्लिफायर जमिनीवर ठेवून गिटार जोडली. गुडरूनने फुंकून पिशवी भरली, कोपर आवळलं, आणि सूर सुटला.

हेनिंगच्या हातावर काटा आला. वसंतातला तो लटपटणारा सूर हा नव्हता. भिंतीसारखा उभा, कुठे तडा नाही, कुठे झोक नाही. खर्जाचे नळे त्याच्याखाली संथ घुमत होते. तिचा दम परत आला होता. त्याला एकदम इतका आनंद झाला की आपण इथे कशाला आलोय हेच क्षणभर तो विसरला.

मग त्याने तार छेडली. दोन्ही सूर एकमेकांवर आपटले. उन्हाने तिची पत्ती चढली होती आणि त्याची गिटार दोन वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी थंड खोलीतल्या सुराला लावलेली होती. मध्ये ती ओळखीची थरथर सुरू झाली, दोन माणसं एकाच दारातून घुसायला बघतात तशी. शेंबड्या पोरालाही कळली असती. हेनिंगने खुंटीवर बोटं ठेवली, मनगट थोडं वळवल्यासारखं केलं आणि पुन्हा तार छेडली. थरथर होती तिथेच होती. बाहेर ढोलवाला ढोल तपासत होता. त्या धडधडीत लपून जाईल, असं हेनिंगने स्वतःला सांगितलं.

"बसला," तो म्हणाला.

गुडरून वाजवतच राहिली. नळीवरून ती त्याच्या बोटांकडे बघत होती. मग तिने कोपर सैल सोडलं आणि सूर विझला.

"बसला?"

"बसला की."

"उन्हाने आज चढलाय माझा."

"हो. जाणवलं मला."

"जाणवलं ना," गुडरून म्हणाली. तिने एप्रनला हात पुसले. "आणखी काही सांगायचंय?"

ती नेहमीच्या आवाजात विचारत होती. नजरही कठोर नव्हती. हेनिंगने अॅम्प्लिफायरची वायर गुंडाळायला घेतली आणि नको इतकी नीट गुंडाळली.

"नाही. दम जपून वाजव, एवढंच."

"जपते. जा आता, मला पेटी आवरायची आहे."

बाहेर आन्सगार पावात सॉसेज घालून खात उभा होता. मोहरीचा पिवळा ओघळ त्याच्या मनगटावर आला होता.

"सांगितलंस?"

"नाही. ऐक, तिचा दम परत आलाय. आत्ता ऐकलं मी. योस्टला सांग माइक चालू ठेवायला. आम्ही गिटारी पुन्हा लावतो."

"एका सुरावरून सांगतोस? तंबूत, खुर्चीवर बसून?"

"पेटीवर बसून."

"तेच ते. तिथे सव्वा तास उभं राहून वाजवायचंय. विलापात दम गेला तर पुन्हा घेता येणार नाही, हेनिंग. कॅमेरेवाले आज रात्री हॅम्बुर्गला जातात." आन्सगारने मनगट चाटलं. "हे मी तिच्यासाठीच करतोय. पंचवीस वर्षांचं शेवटी लोकांच्या कानात काय राहावं? लोंबलेला सूर?"

हे अगदीच खोटं नव्हतं, आणि हेनिंगला नेमका त्याचाच आधार सापडला.

"पण तिचा सूर चढलाय. रंगमंचावर ती खरं वाजवणार आणि कर्ण्यातून तिचंच जुनं येणार. दोन्ही भांडले की तिला कळेल."

"ढोलाच्या शेजारी उभी असते ती. तिला कसलं ऐकू येतंय? आपण कानात यंत्रं घालतो, ती मेणाचे बोळे घालते."

हेनिंगला अजूनही योस्टकडे जाता आलं असतं. योस्टचं टेबल पटांगणाच्या पलीकडे, शिकलगाराच्या पालाशेजारी होतं. तो तिकडे बघत उभा राहिला. तलवारीला धार लावणाऱ्या माणसाभोवती मुलांनी गर्दी केली होती. मग कुणीतरी त्याच्या खांद्यावर त्याचा कातडी अंगरखा टाकला, आणि तो अंगरख्याच्या बंदांशी झटापट करू लागला.

पहिल्या गाण्यात बॅगपाइप उशिरा येतो. ढोल आणि गिटारी आधी रस्ता मोकळा करतात आणि मग गुडरून मागून चालत येते. लाल केसांची वेणी, कातडी कमरबंद, बगलेत बोकडाच्या कातड्याची पिशवी. ती दिसली की लोक शिंगाचे पेले उंच करून ओरडतात. आजही ओरडले. हेनिंग गात होता, पण त्याचं सगळं लक्ष उजवीकडे लागलं होतं. आता ती फुंकेल, आता दोन सूर भिडतील, आता ती वळून आपल्याकडे बघेल. घामाने त्याची बोटं तारांवरून घसरत होती.

बॅगपाइप सुरू झाला.

काहीच भिडलं नाही.

सूर स्वच्छ आला, गिटारींना घट्ट चिकटून, जणू एकाच मुठीतून निघालेला. हेनिंगचा विश्वास बसेना. कडव्यांच्या मध्ये त्याने उजव्या कानातलं यंत्र ओढून काढलं. उघड्या कानालाही एकच सूर ऐकू येत होता. गुडरूनची बोटं नळीवर नाचत होती, गाल फुगलेले होते, कोपर पिशवीवर वरखाली होत होतं. उन्ह तटबंदीमागे गेलं होतं, त्यामुळे पत्ती उतरली असेल, असं त्याने ठरवलं. नशीब, दुसरं काय. छातीवरचा धोंडा बाजूला झाला आणि तो मोकळ्या गळ्याने गायला लागला.

गाण्यामागून गाणं पार पडलं. एरवी तिच्या शेजारी उभं राहिलं की त्या आवाजाने दाढा हलायच्या, आणि तो कुरकुर करत पाऊलभर लांब सरकायचा. आज सरकावं लागलं नाही. तेही त्याला सोयीचंच वाटलं.

विलापाची वेळ आली. ढोल थांबले, गिटारी थांबल्या. पटांगणातली एवढी माणसं गप्प झाली, आणि त्या शांततेत एकटा बॅगपाइप उठला. याच ठिकाणी वसंतात सूर लोंबला होता. आज तो चढत गेला, वळला, खाली उतरून पुन्हा उभा राहिला, कुठेही थकला नाही. पुढच्या रांगेत जाडजूड दाढीवाला एक माणूस लेकीला खांद्यावर घेऊन उभा होता. त्याने लेकीच्या पायावर गाल टेकवला आणि डोळे मिटले. हेनिंगचेही डोळे भरून आले. हे कर्ण्यातून येतंय, दोन वर्षांपूर्वीचं आहे, हे त्याला ठाऊक होतं. तरी तिच्याकडे बघताना ते खरं वाटत होतं. तंबूत ऐकलेल्या त्या सुरावरून तर ती आत्ता तसंच वाजवत असणार याची त्याला खात्रीच होती. मग बिघडलं कुठे? दोन्ही सारखंच.

गुडरून त्याच्याकडेच बघत होती. नळीवरून, एकटक. बॅगपाइप वाजवताना तिचा चेहरा तांबडालाल होतो आणि घाम हनुवटीवरून टपकतो. आज चेहरा कोरडा होता. दम जपून वाजवतेय, हेनिंगच्या मनात आलं. माझं ऐकलं तिने.

शेवटचं गाणं संपलं तेव्हा तटबंदीवरची कबुतरं उडाली, इतका जल्लोष झाला. गुडरूनने वाकून नमस्कार केला आणि सगळ्यांच्या आधी मागच्या मागे निघून गेली. आन्सगारने रंगमंचाच्या पायरीशी हेनिंगला मिठी मारली.

"बघ, काही झालं का? उगाच घाबरत होतास."

हेनिंग हसला. तिला भेटल्याशिवाय त्याला राहवेना. जे सांगितलं नाही ते आता सांगायची गरजच उरली नव्हती. निदान कौतुक तरी भरभरून करावं, ते तरी खरं आहे, असं त्याला वाटलं. तो गिटार गळ्यात तशीच ठेवून तंबूत शिरला.

गुडरून पेटीवर बसली होती. बॅगपाइप मांडीवर होता आणि पिशवी अजून टम्म फुगलेली होती.

"आज कमाल केलीस म्हातारे," हेनिंग म्हणाला. "तो विलाप. खरं सांगतो, गेल्या दोन वर्षांत असं वाजवलं नव्हतंस तू."

"दोन वर्षं," गुडरून म्हणाली. तिने मान हलवली. "हो, तेवढीच झाली असतील."

हेनिंगचं हसू जागच्या जागी राहिलं.

तिने पेटीच्या कप्प्यातून तंबाखूची जुनी पत्र्याची डबी काढली आणि झाकण उघडून त्याच्यापुढे धरली. आत कापसावर बोरूची एक पत्ती ठेवली होती. सव्वा तास वाजवलेली पत्ती ओली असते, श्वासाने काळपट पडते, कापसावर तिचा डाग उमटतो. हे त्याला शिकवलं होतं तिनेच. ही पत्ती सुकल्या गवताच्या रंगाची होती आणि कापूस पांढराशुभ्र होता.

"ही आजची?" त्याने विचारलं.

"आजचीच. तू सूर घेऊन गेलास, त्यानंतर काढली."

तिने खर्जाच्या नळ्यांतून कापसाचे बोळे एकेक करून उपसले आणि एप्रनवर ठेवले. मग दोन्ही हातांनी नळी धरून पिळली आणि पिशवीच्या गळ्यातून ओढून काढली. आत, पत्ती बसते तिथे, गळ्यात घट्ट बूच ठोकलेलं होतं. तिने ते नखांनी हलवून सोडवलं. सव्वा तास कोंडलेली हवा एकदम सुटली, आणि पिशवी तिच्या मांडीवर बसत गेली.

तिने बूच त्याच्या हातात दिलं. त्याच्यावर द्राक्षाचा घोस आणि द्राक्षमळ्याचं नाव छापलेलं होतं. काल दुकानात बाटली निवडताना हेनिंगने तेच नाव दोनदा वाचलं होतं, कारण तिला तिथलीच वाइन आवडते हे त्याला माहीत होतं.

"तू 'बसला' म्हणालास तेव्हा वाटलं, माझाच भास असेल," गुडरून म्हणाली. "म्हातारपणी कान फसवतात. म्हणून म्हटलं, न वाजवताच उभं राहून बघू. वाजलं नाही तर तू थांबवशील, विचारशील, काय झालं म्हणून." तिने पत्तीची डबी बंद केली. "तू माझ्या हाताच्या अंतरावर होतास रे."

"गुडरून, मी काल सांगणार होतो."

"माहीत आहे. मी वाट बघत होते."

तिच्या आवाजात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती रिकामी पिशवी सारखी करत होती, घड्या पडू नयेत म्हणून तळहाताने कातडं ताणत होती. बाहेर लोक पाय आपटायला लागले होते. आधी विस्कळीत आणि मग एका ठेक्यात. त्या ठेक्यावर ते तिचं नाव घेत होते.

आन्सगारने तंबूत डोकं घातलं. तो आनंदाने घामाघूम झाला होता.

"चला, चला. आणखी एक मागतायत. विलाप पुन्हा हवाय त्यांना. कॅमेरे चालूच आहेत."

"याला घेऊन जा," गुडरून म्हणाली. "माझं वाजवून ठेवलेलंच आहे."

आन्सगारने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मांडीवरच्या सुट्या नळीकडे. त्याने डोकं बाहेर घेतलं. कापड खाली पडलं.

हेनिंग उभा होता. बूच मुठीत होतं. दुसरा हात सवयीने खुंटीकडे गेला होता आणि तिथेच थांबला होता. सूर मागायचे ते शब्द जिभेवर आले, पण पंचवीस वर्षं थट्टेत म्हटलेली ती भीक आज खरोखरच मागायची होती, आणि त्याचा हात पुढे होईना.

गुडरून डबी पेटीत ठेवणार होती, ती थांबली. डबी तिने मांडीवरच राहू दिली. बाहेर ठेका वाढत चालला होता.